दोन रिव्हॉल्व्हर, तीन राज्यं

प्रश्न थोडक्यात असा. विचारणारे गृहस्थ न्यू जर्सीत, एडिसनला राहतात. गेल्या वर्षी ग्रीन कार्ड हातात आलं. डॅलसच्या मित्राबरोबर तिकडच्या एका काउबॉय मॅचला, म्हणजे काउबॉयच्या वेशात जुन्या धाटणीच्या बंदुकांनी खेळायच्या नेमबाजीला, गेले आणि डोक्यात भूत शिरलं. मित्राकडे रुगर न्यू व्हाकेरो या सिंगल अ‍ॅक्शन रिव्हॉल्व्हरची जोडी आहे, .३५७ ची, साडेपाच इंची नळी, आणि तो ती द्यायला तयार आहे. पण दोन महिन्यांनी नोकरीमुळे यांचा मुक्काम सॅन होजेला हलतोय. बायको अजून एच-वन बी व्हिसावर आहे. ते विचारतात, "सिंगल अ‍ॅक्शन म्हणजे दीडशे वर्षांपूर्वीची चीज, तिला एवढे नियम नसतील ना? मित्र पुढच्या महिन्यात गाडीने इकडे येतोय, येताना घेऊन आला तर चालेल का? आणि न्यू जर्सीत घ्यावी की कॅलिफोर्नियात?"

उलट्या क्रमाने सांगतो. कॅलिफोर्नियात घ्या. मित्राला गाडीतून आणू देऊ नका, कितीही जवळचा असला तरी. आणि नियम नसतील हा गैरसमज आधी काढून टाका. ते आहेत, पण सिंगल अ‍ॅक्शनला काही ठिकाणी खरोखरच सवलत आहे. तुमच्या नशिबाने ती नेमकी कॅलिफोर्नियात आहे.

माझ्याबद्दल दोन ओळी. मी मूळचा संगमेश्वरकडचा, बावीस वर्षं पेनसिल्वेनियात. आठवडाभर नोकरी, शनिवारी एका बंदुकीच्या दुकानाच्या काउंटरवर. माझ्याकडे मुख्यतः कागदांचं काम, म्हणजे बाहेरगावाहून आलेली हत्यारं वहीत चढवणं, गिऱ्हाइकाचा फॉर्म तपासणं, पोलिसांना फोन लावणं. महिन्यातून एका रविवारी हॅट घालून मॅचला जातो, बायको हसते. मी वकील नाही. कायदा मोडल्यावर काय करायचं हे मला विचारू नका. न मोडता खरेदी कशी होते तेवढं मी रोज बघतो.

आधी शब्दांचा घोळ मिटवू, कारण आपण मराठीत हॅमरलाही घोडा म्हणतो, ट्रिगरलाही घोडा म्हणतो आणि मुंबईत तर अख्ख्या पिस्तुलालाच घोडा म्हणतात. इथे घोडा म्हणजे मागचा हॅमर आणि चाप म्हणजे ट्रिगर. सिंगल अ‍ॅक्शनमध्ये चाप एकच काम करतो, ताणलेला घोडा सोडायचं. घोडा प्रत्येक गोळीला अंगठ्याने मागे ओढावा लागतो. १८७३ चं कोल्ट सिंगल अ‍ॅक्शन आर्मी, इटलीत उबेर्ती आणि पिएत्ता करतात त्या त्याच्या नकला, रुगरचं ब्लॅकहॉक आणि व्हाकेरो ही सगळी याच घराण्यातली. डबल अ‍ॅक्शनमध्ये नुसता चाप ओढला की घोडा आपोआप मागे जाऊन पडतो. अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या कायद्याला या फरकाशी काही देणंघेणं नाही. तिथे दोन्ही "हँडगन". फरक पडतो तो राज्यांच्या कायद्यांत, आणि तोही मोजक्याच.

गिऱ्हाईक काउंटरवर येऊन पहिलं बोट काचेतल्या रिव्हॉल्व्हरवर ठेवतं. मी आधी विचारतो, तुम्ही कोण आणि राहता कुठे. हत्याराचा नंबर तिसरा. तुमच्या बाबतीतही तसंच करू.

तुम्ही कोण? ग्रीन कार्डधारक, एकवीस पूर्ण, म्हणून केंद्राच्या कायद्यात तुमचा मार्ग मोकळा. १९६८ च्या गन कंट्रोल अ‍ॅक्टखाली दुकानदार एकविसाच्या आतल्याला हँडगन विकू शकत नाही, आणि तात्पुरत्या व्हिसावरचा माणूस बंदूक नुसती बाळगूही शकत नाही. याला अपवाद थोडे आहेत. त्यातला लोकांना ठाऊक असलेला म्हणजे राज्याने दिलेलं चालू शिकार-लायसन्स. तुमच्या बायकोकडे वळायचंय, ते पुढे.

राहता कुठे? इथे मित्राची गाडी अडते. हँडगन तुम्ही स्वतःच्या राज्यातच घेऊ शकता. दुसऱ्या राज्यातल्या माणसाकडून घ्यायची तर ती तुमच्या राज्यातल्या परवानाधारक दुकानदाराकडे यावी लागते आणि तो तपासणी करून ती तुमच्या हातात देतो. रायफल किंवा शॉटगन दुसऱ्या राज्यातल्या दुकानात काउंटरवर मिळू शकते, हँडगन नाही. आमचं दुकान डेलावेअर नदीपासून फार लांब नाही. दर महिन्याला कोणीतरी न्यू जर्सीवाला पूल ओलांडून येतो, आमची किंमत बघून खूश होतो आणि पाकीट काढतो. त्याला सांगावं लागतं, की साहेब, पैसे आम्ही घेऊ, पण माल तुमच्या गावच्या दुकानात जाईल आणि तिथे तुमची परमिटं लागतील. चेहरा पडतो. मित्र टेक्सासचा, तुम्ही जर्सीचे. त्याने डिकीतून काढून तुमच्या हातात दिली की गुन्हा दोघांचाही. आणि परदेशी नागरिकाला बंदुकीच्या कायद्याखाली शिक्षा झाली की प्रकरण तुरुंगावर थांबत नाही, ग्रीन कार्डच जाऊ शकतं.

दुसरी पळवाट लोक सुचवतात ती अशी, की "तो त्याच्या नावावर नवी घेऊ दे, मी पैसे देतो." ही त्याहून वाईट. दुकानातून बंदूक घेताना केंद्राचा जो फॉर्म भरावा लागतो, त्या ४४७३ वर पहिलाच महत्त्वाचा प्रश्न आहे, खरा घेणारा तुम्हीच का? सुप्रीम कोर्टापर्यंत गेलेलं एक प्रकरण आपल्या घरात शोभावं असं आहे. पुतण्याला दुकानात सवलत मिळत होती, म्हणून त्याने काकांचे पैसे घेऊन काकांसाठी पिस्तूल घेतलं आणि नंतर रीतसर दुकानदारामार्फत काकांच्या नावावर केलं. काका स्वतः घ्यायला पूर्ण पात्र होते. तरीही २०१४ मध्ये कोर्टाने पाच विरुद्ध चार मतांनी पुतण्याची शिक्षा कायम ठेवली, कारण फॉर्मवर "खरा घेणारा मीच" असं लिहिलं होतं. २०२२ पासून अशा खरेदीला केंद्राचा स्वतंत्र गुन्हाच आहे, पंधरा वर्षांपर्यंत कैद.

आता जोडीचं. काउबॉय मॅचला दोन रिव्हॉल्व्हर लागतात, त्यामुळे आमच्या खेळातले लोक जोडीनेच घेतात. सलग सीरियल नंबरची जोडी मिळाली तर मिशीला पीळ. एकाच माणसाने एका दुकानातून पाच कामाच्या दिवसांत दोन किंवा जास्त हँडगन घेतल्या, की दुकानदाराला एटीएफकडे, म्हणजे बंदुकांचं बघणाऱ्या केंद्राच्या खात्याकडे, एक वेगळा फॉर्म पाठवावा लागतो, ३३१०.४, आणि त्याची प्रत स्थानिक किंवा राज्याच्या यंत्रणेकडे. गिऱ्हाइकं हे ऐकून दचकतात. दचकू नका. तो फॉर्म दुकानदाराचा, तुम्हाला त्यात काही भरायचं नाही, आणि तो भरला म्हणून कोणी दारावर येत नाही. तो टाळण्यासाठी एक आज आणि एक पुढच्या आठवड्यात घ्यायचा बेत मात्र करू नका. चुकवण्यासाठी खरेदी तोडली असं दिसलं तर साधा कागद उगाच संशयाचा होतो.

केंद्राचं इथे संपलं. आता राज्यं.

न्यू जर्सीत प्रत्येक हँडगनला स्वतंत्र परमिट लागतं. रायफल-शॉटगनला ओळखपत्र एकदाच, पण हँडगनचं परमिट नगागणिक. २०२२ च्या शेवटापासून ओळखपत्राचे ५० डॉलर आणि दर परमिटाचे २५. दोन संदर्भ द्यावे लागतात, मानसिक आरोग्याची नोंद तपासायला संमती द्यावी लागते, बोटांचे ठसे. कायद्यात अर्ज निकालात काढायला तीस दिवस लिहिलेत, पण ते गावच्या पोलिसांवर अवलंबून, आणि काही गावांत तीस दिवस म्हणजे बोलाचीच कढी. परमिट नव्वद दिवस चालतं. आणि तीस दिवसांत एकच हँडगन. खेळाडू आणि संग्राहकांना यातून सूट मागता येते, पण तो आणखी एक अर्ज. सिंगल अ‍ॅक्शनला म्हणून इथे एक पैशाची सवलत नाही. जर्सीत छर्ऱ्याची एअरगनसुद्धा कायद्याने "फायरआर्म" आहे, तिथे तुमच्या व्हाकेरोला कोण विचारतो. दोन महिन्यांत तुम्ही हे सगळं करून जोडी हातात घ्याल तोवर सामानाचा ट्रक दारात उभा असेल, आणि मग ती देशभर वाहून नेण्याची वेगळी डोकेदुखी.

ती डोकेदुखी किती खरी आहे ते एका उदाहरणाने सांगतो. १९८६ च्या केंद्रीय कायद्याने प्रवाशाला संरक्षण दिलंय. जिथून निघालात आणि जिथे चाललात तिथे बाळगणं कायदेशीर असेल, हत्यार रिकामं आणि हाताशी न येणाऱ्या जागी कुलपात असेल, तर मधल्या राज्याने अडवू नये. २००५ मध्ये यूटाचा एक प्रवासी न्यू जर्सीतल्या नेवार्क विमानतळावर अडकला. पुढचं विमान चुकलं, सामान हातात दिलं गेलं, बॅग घेऊन तो रात्री हॉटेलात राहिला. सकाळी विमानतळावर रीतसर जाहीर केलं आणि अटक झाली. खटला पुढे काढून टाकला गेला, पण त्याने उलट दावा लावला तेव्हा २०१० मध्ये थर्ड सर्किट हे केंद्राचं अपील कोर्ट म्हणालं, की हॉटेलात बॅग हाताशी होती, संरक्षण लागू नाही. म्हणून आमच्या भागातले जुने लोक बंदूक घेऊन नेवार्क आणि केनेडी विमानतळांच्या वाटेला जात नाहीत.

आता कॅलिफोर्निया. सगळे या नावाला घाबरतात. तिथे हँडगनची एक यादी असते, रोस्टर म्हणतात. १९९९ च्या कायद्याने आली, २००१ पासून लागू. प्रयोगशाळेत पाडून, झाडून तपासलेली मॉडेलंच दुकानदार विकू शकतो. पण पीनल कोडच्या ३२१०० कलमात पहिलंच पोटकलम आहे सिंगल अ‍ॅक्शन रिव्हॉल्व्हरसाठी. किमान पाच गोळ्यांची चक्री (सिलिंडर) हवी, नळी तीन इंचांपेक्षा कमी नको, आणि पुढच्या अटींपैकी एक पुरी व्हावी. एक तर ते १९०० पूर्वी बनलेलं, संग्राह्य गणलेलं असावं, नाहीतर मूठ, सांगाडा आणि नळी जोडलेल्या अवस्थेत त्याची एकूण लांबी साडेसात इंच भरावी. एवढं जमलं की ते रोस्टरच्या बाहेर. यादीत नाव शोधायचीही गरज नाही.

तुमच्या मित्राची जोडी यात आरामात बसते. चक्री सहाची, नळी साडेपाच, एकूण लांबी साडेसातच्या कितीतरी पुढे. पण टेप घेऊन मोजायची पद्धत माहीत असू दे, कारण दुकानदाराशी वाद इथेच होतो. रिव्हॉल्व्हरची नळी मोजताना टोकापासून चक्रीसमोरच्या तोंडापर्यंतच मोजतात, चक्री त्यात धरत नाहीत. पिस्तुलाची नळी वेगळी मोजतात, त्यामुळे नवखा माणूस इथे चुकतो. एकूण लांबी नळीला समांतर मोजायची, मुठीच्या बाकावरून तिरकी नाही. आमच्याकडे एका गिऱ्हाइकाने कॅलिफोर्नियातल्या भावाला पाठवायला नॉर्थ अमेरिकन आर्म्सचं मिनी रिव्हॉल्व्हर पसंत केलं होतं. .२२ चं, पाच गोळ्यांचं, खरंखुरं सिंगल अ‍ॅक्शन. तळहातावर ठेवून मूठ मिटली की दिसेनासं होतं. "सिंगल अ‍ॅक्शनला सूट आहे ना?" आहे, पण याची नळी सव्वा-दीड इंचांची. तीनच्या अटीतच गारद. खुंटीसारख्या आखूड नळीचे "शेरिफ" छापाचे नमुने घेताना म्हणूनच टेप लावून बघावं.

सूट रोस्टरपुरतीच आहे, हेही तितकंच लक्षात ठेवा. बाकीचं सगळं लागतं. फायरआर्म सेफ्टी सर्टिफिकेट लागेल, म्हणजे तीस प्रश्नांची लेखी परीक्षा. तेवीस बरोबर आले की पास, २५ डॉलर, पाच वर्षं चालतं. ड्रायव्हिंग लायसन्स कॅलिफोर्नियाचं हवं, आणि हँडगनला राहण्याचा आणखी एक पुरावा, म्हणजे विजेचं बिल, भाडेकरार किंवा गाडीचं रजिस्ट्रेशन. लायसन्सवर "फेडरल लिमिट्स अप्लाय" असं छापलं असेल तर कायदेशीर वास्तव्याचे जास्तीचे कागद मागतात. तुम्ही ग्रीन कार्डवर आहात, रिअल आयडीच, म्हणजे केंद्राला चालणारं लायसन्सच काढा, प्रश्न मिटतो. दुकानात सुरक्षित हाताळणीचं छोटं प्रात्यक्षिक. मग राज्याची नोंदणी, ३७ डॉलर १९ सेंट, आणि दहा दिवसांची वाट. दहा दिवस म्हणजे कॅलेंडरवरचे नाहीत, चोवीस तासांचे दहा तुकडे. शनिवारी दुपारी साडेतीनला नोंद झाली तर पुढच्या-पुढच्या मंगळवारी साडेतीननंतर. दोनला गेलात तर बाहेर बसा. आणि तीस दिवसांत उचललं नाही तर नोंद रद्द, सगळं पहिल्यापासून. नवं घेतलं असतं तर जुलै २०२४ पासूनचा अकरा टक्के राज्यकर वर पडला असता.

जोडीबद्दल इथेही विचारावं लागेल. कॅलिफोर्नियात महिन्याला एकच असा नियम होता. नाइन्थ सर्किट या तिकडच्या केंद्रीय अपील कोर्टाने जून २०२५ मध्ये तो घटनाबाह्य ठरवला. हा विषय विधिमंडळ आणि कोर्ट यांच्यात चेंडूसारखा फिरतोय, म्हणून ज्या आठवड्यात फॉर्म भरणार त्या आठवड्यातली स्थिती दुकानदाराच्या तोंडून ऐका. दोन्ही नग एकदम मिळाले नाहीत तर एक दुकानदाराच्या तिजोरीत थोडे दिवस पडून राहील, एवढंच.

तुमचा क्रम असा लावा. सॅन होजेला जा. घर मिळालं, लायसन्स झालं, परीक्षा दिली, की जवळचा एक दुकानदार गाठा आणि त्याला आधी फोनवर मॉडेल सांगून विचारा, "सिंगल अ‍ॅक्शनच्या सवलतीखाली बाहेरच्या राज्यातून ट्रान्सफर घ्याल का?" काही दुकानं घेत नाहीत. कायदा आड येत नाही, त्यांना कटकट नको असते. घेणारा सापडला की मित्राने डॅलसमधल्या एखाद्या परवानाधारक दुकानात जोडी न्यावी, त्यांनी ती पाठवावी. बाहेरच्या दुकानदाराला कॅलिफोर्नियात माल धाडण्याआधी तिथल्या न्याय खात्याकडून एक पडताळणी क्रमांक काढावा लागतो. टेक्सासच्या लहान दुकानाला हे ठाऊक नसतं आणि खोकं परत येतं. मित्राकडून आधीच वदवून घ्या. स्वतःच पोस्टात खोकं टाकायच्या फंदात त्याने पडू नये.

जर्सीतच घेतली असती आणि सोबत नेली असती, तर? कॅलिफोर्नियात नवा रहिवासी म्हणून साठ दिवसांत राज्याला कळवावं लागतं. त्यात रोस्टर आडवं येत नाही. म्हणजे तोही रस्ता आहे, पण जर्सीचं परमिट वेळेत मिळालं तरच.

जाता जाता एक गंमत सांगतो, तुमच्या जोडीला लागू नसली तरी. खेळाचा नाद लागला की सरावासाठी स्वस्तातलं .२२ हवंसं वाटतं. हेरिटेज कंपनीचं रफ रायडर सगळ्यात स्वस्त. इलिनॉयमध्ये दुकानात ते मिळत नाही. का, तर त्याचा सांगाडा जस्ताच्या मिश्रधातूचा, झामॅकचा. इलिनॉयचा कायदा म्हणतो, की ८०० अंश फॅरनहाइटखाली वितळणाऱ्या ओतीव जस्ताच्या सांगाड्याची हँडगन दुकानदाराने विकायची नाही. शुद्ध जस्तच ७८७ ला वितळतं, झामॅक त्याच्याही आधी. रुगरचं रॅंगलर, २०१९ मध्ये आलेलं, जवळपास त्याच गिऱ्हाइकासाठी आहे, पण त्याचा सांगाडा अ‍ॅल्युमिनियमचा, तो बाराशेच्या आसपास वितळतो, म्हणून चालतं. मिनेसोटातही असाच धातूचा नियम आहे, तिथे आकडा १,०००. या कायद्यांचा रोख एकेकाळच्या खिशातल्या स्वस्त पिस्तुलांवर होता, आणि सापडलं काउबॉयचं खेळणं. शिकागोकडचे आपले लोक, नेपरव्हिल-अरोराचे, ऑनलाइन स्वस्त दिसलं म्हणून मागवतात आणि दुकानदार खोकं परत करतो. तिथे फोईड कार्ड, म्हणजे राज्याचं बंदूकधारकाचं ओळखपत्र आधी, ७२ तासांची वाट वेगळी.

बाकी राज्यं भराभर. मेरीलँडचं स्वतःचं रोस्टर आहे, पण १ जानेवारी १९८५ नंतर बनलेल्या हँडगनसाठीच. जुनं व्हाकेरो शोधत बसू नका, ते १९९३ ला आलं. जुनं ब्लॅकहॉक मात्र त्यातून सुटतं. तिथे खरेदीआधी पात्रता-लायसन्स आणि सात दिवस. मॅसॅच्युसेट्समध्ये राज्याची यादी आणि वर अ‍ॅटर्नी जनरलचे नियम, दोन चाळण्या. न्यूयॉर्कमध्ये १९११ च्या सलिव्हन कायद्यापासून हँडगन घरात ठेवायलाही लायसन्स लागतं, आणि न्यूयॉर्क शहराचं लायसन्स वेगळं. टेक्सास, अ‍ॅरिझोनात राज्याचं परमिट नाही, केंद्राची तपासणी झाली की हातात.

आणि इंटरनेटवरचे जुने तक्ते बघून निर्णय घेऊ नका. नॉर्थ कॅरोलायनात शेरिफचं परमिट लागायचं, ते मार्च २०२३ मध्ये रद्द झालं, तरी आमच्या खेळातल्या लोकांनी फिरवलेल्या तक्त्यात ते अजून आहे. वॉशिंग्टनमध्ये उलटं घडलं. २०२४ पासून दहा कामाच्या दिवसांची वाट आली, २०२७ पासून खरेदीचं परमिट येतंय. कोलोरॅडोत ऑक्टोबर २०२३ पासून तीन दिवस.

"दीडशे वर्षांपूर्वीची चीज" म्हणालात, त्यात एक खरा धागा आहे. केंद्राच्या कायद्यात १८९८ किंवा त्याआधी बनलेलं हत्यार "अँटिक", ते फायरआर्मच नाही. मग ते काडतुसाचं खरं कोल्ट का असेना. आणि आज इटलीत बनलेलं पण दारू ठासून, वर केप (ठिणगी देणारी छोटी टोपी) लावून उडवायचं रिव्हॉल्व्हरही अँटिकच. म्हणजे १८५८ च्या रेमिंग्टनची नक्कल बऱ्याच राज्यांत थेट घरी येते. मी कोकणातला, ठासणीची बंदूक घरात बघत वाढलो. आजोबांकडे शेतीसंरक्षणाचा परवाना होता आणि दर निवडणुकीला ती पोलीस ठाण्यात जमा करावी लागायची. तिकडे ठासणीच्या बंदुकीला परवाना, इकडे ठासणीचं रिव्हॉल्व्हर कुरियरने दारात, हे पहिल्यांदा बघितलं तेव्हा हसू आवरेना.

पण हसून झाल्यावर राज्याचा कायदा वाचावा लागतो. न्यूयॉर्कमध्ये ते रिकामं, शोभेचं असेपर्यंत ठीक. सोबत दारू, गोळ्या आणि केप बाळगले की ते "भरलेलं" धरतात आणि लायसन्स लागतं. न्यू जर्सीच्या पत्त्यावर बहुतेक विक्रेते पाठवतच नाहीत. आणि काडतुसाची बदली चक्री विकत मिळते ती त्यात बसवली, की केंद्राच्या कायद्यातही ते अँटिक राहत नाही.

आता बायकोचं. तुम्ही एका ओळीत लिहिलंत, पण माझ्या मते तुमच्या प्रश्नातला सगळ्यात नाजूक भाग हाच आहे. जोडी तुमची, तुमच्या नावावर, कायदेशीर. पण घर दोघांचं. व्हिसावरच्या माणसाने बंदूक "बाळगणं" गुन्हा आहे, आणि बाळगणं म्हणजे हातात धरणंच नव्हे. तिजोरीची किल्ली, आकडा तिच्याकडे असेल तर तिच्याही ताब्यात आहे असं म्हणता येतं. म्हणून तिजोरी, आणि आकडा फक्त तुम्हाला ठाऊक. कॅलिफोर्नियात २०२६ पासून घरातलं हत्यार वापरात नसताना कुलपात ठेवणं असंही बंधनकारकच आहे. "तिला एकदा रेंजवर उडवू दे" हा मोह टाळा, गोळ्याही तिच्या हातात देऊ नका. शिकार-लायसन्सच्या अपवादावर विसंबायचं असेल तर आधी इमिग्रेशन वकिलाला भेटा, मला नाही. तिचं ग्रीन कार्ड रांगेत असताना असल्या प्रयोगात काय जाऊ शकतं ते तुम्हाला सांगायला नको.

शेवटी फॉर्म. ४४७३ वर आपली माणसं ठरावीक जागी अडखळतात. "काउंटी"च्या चौकटीत "यूएसए" लिहितात, कारण घाईत ते कंट्री वाचतात. मग मधलं नाव. आपलं मधलं नाव वडिलांचं, ते ग्रीन कार्डवर पूर्ण, लायसन्सवर नुसतं आद्याक्षर, पगाराच्या चिठ्ठीवर गायब. फॉर्मवर पूर्ण नाव लिहायचं, सरकारी कागदावर आहे तसं. माझ्या पहिल्या खरेदीला मी आद्याक्षरावर भागवलं, दुकानातल्याने काही म्हटलं नाही, आणि तपासणी पाच दिवस लटकली. पाटील, जोशी, कुलकर्णी या आडनावांचे लोक दुसऱ्या कोणाशी जुळून "डिलेड" होण्याचे प्रसंग आमच्याकडे नेहमीचे. वारंवार झालं तर एफबीआयकडे अर्ज करून यूपिन नावाचा क्रमांक मिळतो, तो पुढच्या फॉर्मवर लिहायचा. नागरिक नसलेल्यांची इमिग्रेशनच्या नोंदींतही चौकशी होते, म्हणून ग्रीन कार्डवरचा यूएससीआयएस (इमिग्रेशन खात्याचा) क्रमांक बघून लिहा, आठवून नको. पत्ता ओळखपत्रावरचा आणि राहता एकच हवा. आणि गांजाचा प्रश्न. कॅलिफोर्नियात दुकानात मिळतो म्हणून तिथे सहज "हो, कधीमधी" लिहिणारा माझ्या डोळ्यांसमोर परत गेलाय. केंद्राच्या कायद्याला राज्याची परवानगी चालत नाही, ते फॉर्मवरच छापलंय.

मित्राला आजच एक काम सांगा. खोक्याच्या टोकाला चिकटवलेल्या लेबलाचा फोटो, त्यावर मॉडेल क्रमांक, कॅलिबर आणि नळीची लांबी असते. दोन्ही खोक्यांचे पाठवू दे. सॅन होजेच्या दुकानदाराला फोन करताना तो फोटो समोर ठेवा, कारण त्याचा पहिला प्रश्न तोच असेल.